अर्धा कोयता लेकरांसाठी

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी अशा तालुक्यांतली कितीतरी गावं पंधरा दिवसांत ओस पडतात; मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. जायचं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोट. ट्रॉलीत कोयते, भांडी, पिठाचे डबे, सरपण, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. या स्थलांतरावर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं कर्ज, मुकादमाची दादागिरी, २०१९मध्ये गाजलेला गर्भाशयं काढण्याचा प्रश्न, शाळा सुटलेली मुलं, सगळ्यांवर अहवाल आहेत, समित्या आहेत. या लेखाचा विषय त्या मानाने लहान वाटेल. हंगामाचे चार-पाच महिने त्या ट्रॉलीतली सहा वर्षांखालची लेकरं दिवसभर कोण सांभाळतं, आणि ज्या धंद्यात भरणीपासून वाहतुकीपर्यंत प्रत्येक कामाला टनावर दर आहे, त्यात या एकाच कामाला दर का नाही, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लेकरं सांभाळणं हे ऊसतोडीच्या हंगामातलं एक पगारी काम म्हणून मान्य झालं पाहिजे. प्रत्येक टोळीमागे त्यासाठी एक बाई असावी, तिला अर्ध्या कोयत्याची मजुरी मिळावी, आणि ती मजुरी तोडणीच्या दरावर वेगळी धरली जावी.

अर्धा कोयताच का, हे कळायला तोडणीचा हिशेब पाहावा लागतो. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो; नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल जोडीला, दर जोडीला, आणि पैसे हातात पडतात ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या. एकटी बाई किंवा एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला टोळीत घ्यायला मुकादम फारसा राजी नसतो. जोडीचं काम एकमेकांत पुरतं गुंतलेलं असतं. गडी ऊस तोडतो. बाई पाचट सोलते, वाढे छाटते, मोळ्या बांधते, आणि ट्रक लागला की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढवते. यातलं एक माणूस थांबलं की दुसऱ्याचं काम निम्म्यावर येत नाही, जवळजवळ बंदच पडतं. त्यामुळे लेकरू तापलं म्हणून आई झोपडीवर, म्हणजे कोपीवर थांबली की तो जोडीचा खाडा धरला जातो, आणि खाड्याला मजुरी तर नाहीच, वर दंड असतो. आईला लेकराजवळ बसण्याची किंमत या धंद्याने अशी ठरवूनच ठेवली आहे. किंमत ठरलेली आहे, पण ती आईकडून वसूल होते.

दिवस कसा उगवतो तेही पाहू. पहाटे चारच्या सुमारास अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, चुली पेटतात. भाकरी थापून फडक्यात बांधायच्या, पाण्याची कळशी झाकून ठेवायची, झोपलेल्या लेकराची गोधडी सारखी करायची आणि अंधारातच फड गाठायचा. अंगावर पिणारं लेकरू बरोबर जातं. बांधावरच्या झाडाला झोळी बांधता आली तर बरं, झाड नसलं तर वाढ्यांच्या ढिगावर चिंधी टाकून त्याला निजवायचं. उसाचं पान पात्यासारखं कापतं, त्याची कूस अंगाला खाजते, फडात साप निघतो, आणि उन्ह वर आलं की सावली म्हणून उरते ती उभ्या ट्रॉलीची, म्हणजे चाकांमधली जागा. दोन-तीन वर्षांची लेकरं कोपीवर राहतात. कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर टाकलेली चटई नाहीतर ताडपत्री. आत वाकून जायचं, दाराला दार नाही. शेजारी विहीर असते, शेततळं असतं, कारखान्याचा रस्ता असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेरच्या पट्ट्यात आणखी एक शेजारी असतो. तिथले बिबटे उसातच राहतात आणि उसातच वितात; तोडणी सुरू झाली की त्यांचा आसरा हलतो, आणि संध्याकाळी उघड्यावर बसलेलं लहान मूल त्यांच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढतो. आई येते ती दुपारी, दोन घास खाऊन परत जाते. ट्रक रात्री अकराला आला तर भरणीही रात्री अकराला. या कामाला ठराविक वेळ नाही, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मग लेकरं सांभाळतं कोण? आठ ते बारा वर्षांची थोरली बहीण. कधी सासू बरोबर आणलेली असते, पण म्हातारं माणूस गावाकडचं घर आणि जनावरं राखायला लागतं, त्यामुळे बहुतेकदा ही जबाबदारी पोरीवर येते. ती धाकट्याला कडेवर घेते, त्याला भाकरीचा मऊ भाग पाण्यात कुस्करून चारते, पाणी आणते, भांडी घासते, आणि आईने हाक मारली तर लेकरू पाजायला फडात नेते. हंगामी बालसंगोपनाचा रोजगार महाराष्ट्रात सुरू करायचा का, असा प्रश्न खरं तर शिल्लकच नाही. तो कधीचाच सुरू आहे. त्यात हजारो जणी काम करतात, वयाची अट बारा वर्षांखाली आहे, आणि मोबदला म्हणून शाळा सुटते. पुढे शाळा सुटलेल्या पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं आणि ती तिशीच्या आत दोन-तीन लेकरांसह स्वतःच कोयता होऊन फडावर येते. ऊसतोडीतल्या बालविवाहावर बोलताना आपण हुंडा, सुरक्षितता, रूढी अशी कारणं सांगतो. ती खोटी नाहीत. पण या साखळीचा पहिला दुवा धाकटं भावंड हाच असतो, आणि तो तोडणं बाकीच्यांपेक्षा सोपं आहे.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्यात, पुढच्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं गेलं. १९५१च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर ती सोय आणली. १९९६च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे, आणि २०१७मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत. या यादीत ऊसतोड कुठे बसते? कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्या बायका हजारात असतात, पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यातली एकही नसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, मुकादमाचा व्यवहार जोडीशी, आणि मुकादमाच्या टोळीत बायका दहा-पंधरा. म्हणजे जिथे आकडा भरतो तिथे मालक सापडत नाही, आणि जिथे मालकासारखं कुणी सापडतं तिथे आकडा भरत नाही. पाळणाघराच्या प्रत्येक कायद्याने एक गेट असलेली, भोंगा असलेली, न हलणारी जागा गृहीत धरली. फड दर चार-आठ दिवसांनी बदलतो.

एका कायद्याने मात्र हे नीट ओळखलं होतं. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असं म्हटलं होतं की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्याच बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला नेमावं, आणि तिला मजुरीच्याच दराने पैसे द्यावेत. या तरतुदीकडे नीट पाहावं असं मला वाटतं. तिने मजूर मोजले नाहीत, मुलं मोजली. इमारत मागितली नाही, माणूस मागितलं. आणि सांभाळण्याच्या कामाला माती उपसण्याच्या कामाचाच दर लावला. रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची कल्पना. १९७२च्या दुष्काळात ती आकाराला आली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. राज्याला हे परकं नाही. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्या तरतुदीची अंमलबजावणी सावलीचं एक फडकं आणि पाण्याचा माठ इथवरच पोचली हे खरं, पण तत्त्व कागदावर आलं होतं. ऊसतोडीत ते कागदावरही नाही.

कामाच्या जागी जाऊन मुलं सांभाळण्याचे प्रयोगही आपल्याकडे जुने आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात नेली. मीरा महादेवन यांनी १९६९मध्ये दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी तंबू टाकला आणि त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही ती पोचली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावोगावी फुलवाऱ्या काढल्या. तिथे तीन वर्षांखालची मुलं गावातलीच बाई सांभाळते, त्यांना दिवसातून दोन-तीनदा खायला घालते, आणि आई निर्धास्त शेतावर जाते. या सगळ्यांत सांभाळणारी बाई बहुधा त्याच वस्तीतली असते, किमान त्याच थरातली. तिला मुलांची बोली कळते, कोणाच्या घरात भांडण चाललं आहे ते कळतं, आणि कोणत्या लेकराला कालपासून जुलाब आहेत हे न विचारता कळतं. दोन वर्षांच्या पदविकेने यातलं काही येत नाही. प्रशिक्षणाची गरज नाही असं मात्र मी म्हणत नाही. ते कोणत्या गोष्टींचं हवं ते वेगळं आहे.

या कामाला नव्याने लागणाऱ्या बाईला काय यायला हवं? तिने चार-पाच लेकरं वाढवली असतील, त्यामुळे तिला शिकवायचं काय, असा प्रश्न मुकादमच काय, शिकलेली माणसंही विचारतात. आपलं लेकरू वाढवणं आणि दहा घरची लेकरं एका वेळी सांभाळणं यांत फरक आहे. पहिला फरक खाण्याचा. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध आणि त्यानंतर त्याच्या जोडीला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं मऊसर अन्न, हे वेळापत्रक आई फडावर असताना मोडतं. लेकरू आई जेवते तेव्हा जेवतं, म्हणजे सकाळी अंधारात आणि रात्री अंधारात. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं वजन हंगामात का घसरतं याचं उत्तर गरिबीत आहेच, पण भाकरी शिजते आणि चारायला माणूस नसतं, यातही आहे. म्हणून या बाईचं पहिलं काम दर तीन तासांनी चारणं. दुसरं, जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस कधी आणि किती द्यायचं, डोळे खोल गेलेलं मूल ओळखून त्याला दवाखान्यात कोणाबरोबर आणि कशातून पाठवायचं. तिसरं, हद्द आखणं: कोप्यांच्या मध्ये दोऱ्या बांधून किंवा पाचटाचं कूड घालून एक आवार करायचं, विहिरीच्या आणि रस्त्याच्या बाजूला पाठ करून बसायचं नाही, अंधार पडायच्या आत सगळी लेकरं आत घ्यायची. चौथं, हजेरी, म्हणजे कोणतं मूल सकाळी आलं आणि संध्याकाळी कोणी नेलं. अक्षरओळख नसलेली बाईही दोरीला गाठी मारून हे करू शकते, पण करायचं हे तिला सांगावं लागतं. आणि पाचवं, सर्वांत अवघड, पहिला आठवडा. आईपासून तुटलेली दहा लेकरं एकाच वेळी रडतात. त्यांना घाबरवून, बागुलबुवा दाखवून गप्प करायची आपली जुनी रीत आहे. अफूची बोटं चाटवून निजवण्याचे दिवस गेले असले तरी मार देऊन निजवण्याचे गेलेले नाहीत. दहा दिवसांचं प्रशिक्षण भाद्रपद-आश्विनात गावाकडेच, टोळी निघण्याआधी झालं, तर लेकरांची आणि तिची ओळखही निघण्याआधी होते.

हे काम कोणी करावं याचं उत्तर टोळीतच आहे. गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातली बाई मोळ्या वाहते हे आपण वर्षानुवर्षं वाचतो. तिला त्या दिवसांत बसून करायचं पगारी काम मिळू शकतं. कंबर गेलेली, पण हातपाय चालणारी चाळिशी-पन्नाशीची बाई असते. नवरा वारलेली किंवा टाकलेली बाई असते, जिला जोडी नसल्यामुळे कोयता मिळत नाही आणि गावात काम मिळत नाही; एकल महिलांचा हा प्रश्न महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी मांडलेला आहे. तिच्यासाठी अर्ध्या कोयत्याची ही जागा हंगामातला पहिला स्वतंत्र रोजगार ठरेल. एक अट मी इथे जोडेन. ही मजुरी तिच्या स्वतःच्या बँक खात्यात यावी आणि तिच्यावर उचल नसावी. उचलीत हे काम गुंतलं की मुकादम पुढच्या वर्षी तिला फडावर ओढेल, आणि लेकरांची राखण पुन्हा फुकट होईल.

आता पैसे. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते असं धरू. दहा कोयत्यांची टोळी १५ ते २० टन, म्हणजे चार महिन्यांच्या हंगामात सुमारे २,००० टन. २०२४च्या जानेवारीतल्या राज्यपातळीवरच्या दर-करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला; हिशेबाला ३६० धरू. एका कोयत्याच्या वाट्याला २०० टन, म्हणजे ७२,००० रुपये. अर्ध्या कोयत्याचे ३६,०००. हे २,००० टनांवर पसरले तर टनाला १८ रुपये. २०२४-२५च्या हंगामात केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) टनाला ३,४०० रुपये ठरवली होती. १८ रुपये म्हणजे तिचा अर्धा टक्का. टनाला क्विंटलभर साखर पडते असं मोटामोटी धरलं तर साखरेच्या किलोमागे अठरा पैसे. खिचडीचा शिधा, सतरंज्या, झोळ्या, औषधाची पेटी धरून पंचवीस पैसे म्हणा. राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये आणि सरकारने तेवढेच घालायचे असं ठरलेलं आहे. २०२१-२२च्या विक्रमी हंगामात राज्यात १३ कोटी टनांवर ऊस गाळला गेला, त्यावरून या रकमेचा अंदाज यावा. महामंडळाला विमा, वसतिगृहं, आरोग्य अशी इतरही कामं आहेत, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकता येणार नाही. पण आकडा आवाक्याबाहेरचा आहे, असं हा हिशेब पाहिल्यावर कोणी म्हणू नये.

यावर आक्षेप आहेत, आणि काही वजनदार आहेत. पहिला असा की मुलांना फडावर न्यायचंच कशाला, गावीच ठेवा. राज्याने त्या दिशेने काम केलंही आहे. त्याआधी, १९९०च्या दशकात, जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांजवळ साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाल्यावर वेगळी शाळा नको, नेहमीच्या शाळेतच मूल हवं असं धोरण आलं आणि त्या मागे पडल्या. त्यांच्या जागी गावातली हंगामी वसतिगृहं आली, आणि २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. हे सगळं शाळकरी मुलांसाठी आहे, आणि ते वाढायलाच हवं. पण अंगावर पिणारं लेकरू वसतिगृहात ठेवता येत नाही, तीन वर्षांचंही नाही. उलट धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून थोरलीला वसतिगृहातून काढून आणतात. फडावर राखण असेल तर वसतिगृहातली पोरगी वसतिगृहात टिकेल. या दोन योजना एकमेकींच्या आड येत नाहीत. वसतिगृह फडावरच्या राखणीवाचून लंगडं आहे.

दुसरा आक्षेप अंगणवाडीचा. जिथे टोळी उतरते त्या गावात अंगणवाडी आहे, तिच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसरीकडे हलवता येते, मग नवी यंत्रणा कशाला? अंगणवाडी काही तास भरते आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवते. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. अड्डा गावकुसाबाहेर दीड-दोन किलोमीटरवर असतो, आणि फड पहाटे अंधारातच सुरू होतो. केंद्राच्या पाळणा योजनेतही दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस असं गणित आहे. त्यातल्या सेविकेला ५,५०० आणि मदतनीसाला ३,००० रुपये मिळतात. नोकरदार आईसाठी ही वेळ ठीक आहे. रात्री भरणी असलेल्या आईसाठी नाही. अड्ड्यावर दोन टोळ्या शेजारी उतरल्या असतील तर त्यांच्या दोघी बायकांनी पहाटेची आणि रात्रीची पाळी वाटून घेणं, हे अड्ड्यावरच जमू शकतं. अंगणवाडीने शिधा, वजनकाटा आणि लसीकरण द्यावं; सांभाळ टोळीकडे राहू द्यावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो स्त्रीवादी कार्यकर्त्यांकडून येतो. बायकांचं काम म्हणून आणखी एक कमी पैशाची जागा तयार करायची, तिला मानधन म्हणायचं आणि पुढची चाळीस वर्षं तिच्या वाढीसाठी मोर्चे काढायचे, याचा अनुभव आपल्याला आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, आणि तरी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा ५२ दिवस संप करावा लागला. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे म्हणायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. म्हणूनच मी योजनेची, मानधनाची भाषा टाळून तोडणीच्या दराची भाषा धरतो आहे. दर राज्यपातळीवरच्या करारात बसतो, तो करार तीन-तीन वर्षांनी नव्याने होतो, त्यासाठी कोयता बंद आंदोलनं होतात, आणि वाढ झाली की सांभाळणारीची मजुरीही आपोआप वाढते, कारण ती अर्ध्या कोयत्याला बांधलेली आहे. तिचं भांडण वेगळं लढावं लागत नाही. हे काम पुरुषांनीही करावं का? जरूर. कोपीवर बसलेला आजारी गडी लेकरं सांभाळू शकतो. पण आज ते फुकट करणाऱ्या बायका आणि पोरी आहेत, आणि आधी त्यांचं देणं चुकतं व्हावं.

चौथा आक्षेप यंत्राचा: हार्वेस्टर येत आहेत, दहा वर्षांत टोळ्याच राहणार नाहीत. यंत्राला रुंद सरी आणि सलग मोठं क्षेत्र लागतं, आणि पश्चिम महाराष्ट्रातलं शेत तुकड्या-तुकड्यांचं आहे, त्यामुळे हा बदल सरसकट होणार नाही. झाला तरी हीच जोडपी वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, कांदा काढणीवर जातील, लेकरं तशीच बरोबर असतील, आणि एकदा हाताला आलेलं हे काम त्या बाईबरोबर जाईल. दहा वर्षांत काय होईल म्हणून आज दोन वर्षांच्या मुलाला ट्रॉलीखाली निजवणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. उरतो तो मुकादमांचा आक्षेप, की बाई बसून पैसे घेते हे बाकीच्यांना खपणार नाही. इथे तर्कापेक्षा आकडा बोलेल. लेकरांपायी पडणारे खाडे कमी झाले, आई दुपारी पाजायला धावत न जाता सलग काम करू शकली, तर टोळीचं टनेज वाढतं, आणि मुकादमाचं कमिशन टनेजवरच असतं.

सहकारी कारखान्याचे सभासद या अंकाचे वाचक आहेत, संचालकही असतील. कारखान्यांचे वाहतूकदार-मुकादमांशी या वर्षीचे तोडणीचे करार झालेले आहेत, टोळ्या उतरत आहेत, आणि या हंगामात करारात काही बदलता येणार नाही. एक गोष्ट मात्र याच हंगामात करता येईल: आपल्या कार्यक्षेत्रातल्या अड्ड्यांवर सहा वर्षांखालची मुलं किती आणि ती कोण सांभाळतं, याची मोजणी शेतकी विभागाच्या स्लिपबॉयकडून करून घ्यावी, तो रोज फडावर जातोच. पुढच्या हंगामाचे करार आषाढाच्या आसपास होतात. टनाला अठरा रुपयांचं कलम त्यात घालायला आठ महिने आहेत.